भिंतीला चेहराही असतो!

(प्रतिनिधी)

देहू आणि आळंदी या दोन तीर्थक्षेत्रांना जोडणाऱ्या रस्त्यावर तळवडे वसले आहे. या रस्त्याच्या एका टोकाला, देहूत इंद्रायणीच्या काठी गाथा मंदिर उभे आहे. त्याच्या भिंतींवर तुकोबांचे अभंग संगमरवरात कोरले आहेत. दुसऱ्या टोकाला, आळंदीत, भाविकांना एक साधी भिंत दाखवली जाते. वाघावर बसून भेटीला येणाऱ्या चांगदेवांना सामोरे जाण्यासाठी निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चार भावंडे ज्या भिंतीवर बसली व जी भिंत चालू लागली, तीच ही, अशी श्रद्धा आहे. एका टोकाला बोलणारी भिंत आणि दुसऱ्या टोकाला चालणारी! मधल्या पट्ट्यातील भिंती मात्र मुक्या आणि जागच्या जागी उभ्या, असा आपला समज असतो.

कारखान्यांची आणि सॉफ्टवेअर पार्कमधील कंपन्यांची कुंपणे, गोदामांचे पत्रे, नव्या सोसायट्यांच्या सीमाभिंती, दुकानांची शटर्स... सकाळी कंपनीच्या बसमध्ये डुलकी घेत आणि संध्याकाळी वाहतूक कोंडीत घड्याळाकडे पाहत आपण त्यांच्या शेजारून जातो. या भिंतींवर काही रंगवलेले असते. कधी पुलाच्या खांबावर वारली नर्तकांचा फेर, कधी शाळेच्या कुंपणावर सूर्य, झाड आणि 'स्वच्छ शहर, सुंदर शहर' हे घोषवाक्य, तर कधी कुण्या अनामिकाने स्प्रेच्या डब्याने उमटवलेली वेलांटीदार स्वाक्षरी. ते आपल्याला दिसते. पण आपण ते पाहतो का?

पिंपरी-चिंचवड हे बाहेरून आलेल्यांचे शहर आहे. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, त्यामागोमाग वाहन उद्योग आला आणि महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसे पोटासाठी येथे आली. १९८२ मध्ये येथे महापालिका झाली. १९९७ मध्ये तळवडेसह आसपासची गावे तिच्या हद्दीत आली. आजही येथे वीस-पंचवीस वर्षे राहिलेल्या माणसाला 'गाव कुठले?' असे विचारले, तर तो लातूर, बुलडाणा किंवा साताऱ्याचे नाव सांगतो. हे शहर त्याच्या लेखी कामाचे ठिकाण असते, 'आपले' नसते. शहर आपले कधी होते? त्याच्या भिंती ओळखीच्या झाल्या की, असे एक उत्तर देता येईल. रस्त्यावरील कलेचा आस्वाद घेणे हा त्या ओळखीचा सर्वांत सोपा, बिनखर्ची मार्ग आहे. म्हणूनच ही कला पाहावी कशी, ती टिकते किती आणि तिच्यावर हक्क कोणाचा, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

रस्त्यावरची कला म्हणजे नेमके काय?

एकाच शब्दाखाली तीन-चार निरनिराळ्या गोष्टी येतात. पहिला प्रकार भित्तिचित्राचा. भिंतीच्या मालकाची परवानगी घेऊन, आराखडा करून, दिवसाढवळ्या रंगवलेले मोठे चित्र म्हणजे भित्तिचित्र. दुसरा प्रकार ग्राफिटीचा. स्वतःचे टोपणनाव किंवा अक्षरे विशिष्ट वळणात, बहुधा परवानगीवाचून व घाईने रंगवण्याची ही रीत १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या डब्यांवर फोफावली. तिसरा प्रकार स्टेन्सिलचा. पुठ्ठ्यात आकृती कापून तिच्यावर रंग फवारला की क्षणात चित्र उमटते. ओळख लपवून राहिलेला ब्रिटिश चित्रकार बँक्सी याने ही पद्धत जगभर गाजवली. त्याच्या फुगेवाल्या मुलीच्या चित्राची एक प्रत ऑक्टोबर २०१८ मध्ये लंडनमधील लिलावात दहा लाख पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली आणि हातोडा पडताच चौकटीत दडवलेल्या यंत्राने ती अर्धी कातरून टाकली! रस्त्यावरच्या कलेला दिवाणखान्यात कोंडण्याची ही थट्टाच होती.

चौथा प्रकार चौकातील शिल्पांचा आणि मांडणीचा. निगडीचे भक्ती-शक्ती समूहशिल्प हे त्याचे आपल्या शहरातील ठळक उदाहरण. छत्रपती शिवाजी महाराज आणि संत तुकाराम यांच्या भेटीचा प्रसंग तेथे साकारला आहे. शेजारी २०१८ मध्ये उभारलेला १०७ मीटर उंचीचा ध्वजस्तंभ आहे आणि भोवती उड्डाणपुलाचा विळखा. या चौकातून रोज हजारो वाहने वळतात. परंतु बागेत उतरून, शिल्पाभोवती एक फेरी मारून दोन्ही बाजूंच्या आकृतींचे चेहरे न्याहाळणारे किती?

या चारही प्रकारांना जोडणारे एक सूत्र आहे. ही कला तिकीट मागत नाही, वेळ पाळत नाही आणि प्रेक्षकाची निवड करीत नाही. कलादालनाची पायरी चढण्याचा संकोच वाटणाऱ्या कामगारापासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांसमोर ती सारखीच उभी असते.

परंपरा आपलीच

भिंत रंगवणे हे परदेशी खूळ आहे, असे समजण्याचे कारण नाही. अजिंठ्याची भित्तिचित्रे महाराष्ट्रातच आहेत. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणविसांच्या वाड्याच्या भिंतींवर पेशवेकालीन चित्रे आजही पाहता येतात. ही झाली राजाश्रयाची कला. तिच्या जोडीला घराघरांची कला होती. लग्नघराच्या दाराशी दोन्ही बाजूंना हत्ती, मोर किंवा भालदार-चोपदार रंगवायचे आणि वर ठसठशीत अक्षरांत 'शुभविवाह' लिहायचे, ही पद्धत ग्रामीण महाराष्ट्रात अजून पुरती सरलेली नाही. लग्न उरकते, सून जुनी होते; भिंतीवरचा हत्ती मात्र पावसाळ्यागणिक फिकट होत उभा राहतो.

पुलांच्या खांबांवर हमखास दिसणारी वारली चित्रेही मुळात लग्नाचीच. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने सुवासिनी लग्नाचा चौक लिहीत आणि त्या चौकात पालघाट देवी विराजमान होई. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन या तीन आकारांत हे सारे विश्व उभे राहते. डहाणू परिसरातील जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकात ही कला कागदावर आणून जगासमोर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. ही माहिती ठाऊक असेल, तर पुलाखालच्या वारली चित्राकडे पाहण्याची नजरच बदलते. तारपा वाजवणारा मध्ये आहे का? त्याच्याभोवती नर्तकांची साखळी गोल वळत गेली आहे का? की कुणीतरी नुसत्या त्रिकोणी माणसांचा शिक्का मारून जागा भरली आहे? अस्सल आणि उरकलेले यांतील फरक असा डोळ्यांना आपोआप कळू लागतो.

या परंपरेतील सर्वांत क्षणभंगुर प्रकार आपल्या दाराशी दरवर्षी येतो. आषाढी वारीत तुकोबांची पालखी देहूतून निघते आणि निगडीमार्गे आकुर्डीच्या मुक्कामी येते. पालखीच्या वाटेवर रस्ताभर रांगोळ्यांचे गालिचे घातले जातात. तासन् तास राबून काढलेली ती रांगोळी वारकऱ्यांच्या पावलांखाली काही क्षणांत विस्कटून जाते आणि त्याचे काढणाऱ्याला दुःख नसते. ती पुसली जाण्यासाठीच काढलेली असते. रस्त्यावरच्या कलेचे मर्म याहून नेमके कोण सांगणार?

कुंचला गेला, फ्लेक्स आला

जुन्या वस्तीतील एखाद्या दुकानाच्या पाटीकडे किंवा भिंतीवरील जाहिरातीकडे नीट पाहिले, तर तळाशी कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'पेंटर' हा शब्द आणि त्यापुढे एक नाव दिसते. अनेकदा फक्त पहिलेच नाव. हे आपल्या रस्त्यांवरचे खरे चित्रकार. सिनेमाची पोस्टरे, दुकानांच्या पाट्या, निवडणुकीच्या घोषणा, ट्रकच्या पाठीवरचे कमळ आणि मोर, सारे त्यांच्याच हातचे. या व्यवसायाला लाज वाटावी असा त्याचा वारसा मुळीच नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर रंगवत रंगवत चित्रपटसृष्टीचे आद्य शिल्पकार झाले आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरे त्यांनी स्वतः रंगवली. मकबूल फिदा हुसेन यांनीही उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाची मोठी फलके रंगवून पोट भरले होते.

२००० नंतरच्या दशकात संगणकावर छापलेला फ्लेक्स आला आणि हे चित्र झपाट्याने पालटले. जे रंगवायला पेंटरला दोन दिवस लागत, ते दोन तासांत छापून मिळू लागले. चौकाचौकांत वाढदिवसाच्या शुभेच्छा झळकू लागल्या. अक्षराचे वळण पाहून 'ही पाटी अमक्याच्या हातची' असे ओळखण्याची सोय संपली, कारण सगळी अक्षरे एकाच संगणकातून बाहेर पडू लागली. फलकांचे हे वेड केवळ डोळ्यांना खुपणारे राहिले नाही. १७ एप्रिल २०२३ रोजी वादळी वाऱ्यात किवळे येथे जाहिरातीचा लोखंडी फलक कोसळून पाच जणांचा बळी गेला. शहराच्या दृश्य अवकाशावर कोणाचा ताबा असावा, हा प्रश्न त्यामुळे निव्वळ सौंदर्याचा उरत नाही.

पेंटरांचे उरलेसुरले हात पाहायचे असतील, तर तळवडे-चाकण पट्ट्यातील माणसाला दूर जावे लागत नाही. मालाची वाट पाहत रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकच्या रांगेतून पायी चालत जावे. गाडीच्या पाठीवरचा मजकूर, डोळ्यांच्या आकृत्या, लिंबू-मिरची, गावाचे नाव, मुलांची नावे... हे एक चालते-फिरते कलादालनच असते. 'हॉर्न ओके प्लीज' ही अक्षरे लिहिण्यास महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये मनाई केली. तरीही मागच्या फळीवरची रंगांची हौस काही आटलेली नाही. कोणत्या प्रांताची गाडी कोणता रंग आणि कोणते फूल वापरते, हे काही दिवस टिपत गेल्यास एक स्वतंत्र अभ्यास होईल.

मुंबई-पुण्याचे धडे

महाराष्ट्रातील आधुनिक भित्तिचित्रांच्या चळवळीत काही टप्पे महत्त्वाचे आहेत. मुंबईत 'द वॉल प्रोजेक्ट' या उपक्रमातून २००९ मध्ये माहीम-माटुंगा परिसरात तुळशी पाइप रस्त्यालगतची रेल्वेची लांबलचक भिंत नागरिकांनी रंगवली. व्यावसायिक चित्रकारांच्या शेजारी प्रथमच कुंचला धरणारी माणसे उभी होती. २०१२ मध्ये रणजित दहिया यांनी 'बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट' सुरू करून वांद्र्याच्या भिंतींवर हिंदी चित्रपटांचे चेहरे आणले. २०१४ मध्ये वांद्रे रेक्लमेशन येथील एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळके यांचे भव्य चित्र साकारले. २०१७ च्या अखेरीस ससून डॉकमध्ये 'स्टार्ट इंडिया' या संस्थेने मोठा कलामहोत्सव भरवला आणि मासळीबाजाराकडे नाक मुरडणारे मुंबईकर तेथे रांगा लावू लागले. कोळी बांधवांचे रोजचे जगणे त्या चित्रांचा विषय झाले होते, ही त्यातील मोलाची बाब.

पुण्यात हर्षवर्धन कदम या चित्रकाराने २०१२ मध्ये 'पुणे स्ट्रीट आर्ट प्रोजेक्ट'ला प्रारंभ केला. त्यासाठी त्यांनी निवड केली ती जुन्या पेठांची. पडके वाडे, अरुंद बोळ, खिडक्यांच्या लाकडी चौकटी आणि चुन्याचे पोपडे उडालेल्या भिंती. चित्र भिंतीवर लादायचे नाही, तर भिंतीतूनच काढायचे, हे सूत्र अशा कामात फार चांगले कळते. खिडकी हे चित्रातले दार होते, तडा ही फांदी होते. पेठेतील म्हातारी माणसे ओट्यावर बसून चित्र घडताना पाहतात, सूचना करतात आणि काम संपेपर्यंत ते चित्र त्यांचेही झालेले असते.

हे उदाहरण आपल्याला विशेष उपयोगी आहे. कारण पिंपरी-चिंचवडमध्ये बहुतेक रंगकाम वेगळ्या कारणाने होते. केंद्र सरकारचे स्वच्छ सर्वेक्षण २०१६ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून देशभरातील महापालिकांमध्ये भिंती रंगवण्याची जणू चढाओढ लागली. त्यातून कळकट भिंती उजळल्या, थुंकणाऱ्यांना थोडा आळा बसला, अनेक तरुण चित्रकारांना काम मिळाले, हे मान्य करावे लागेल. मात्र घोषवाक्य सांगणे आणि चित्र काढणे यांत अंतर आहे. घोषवाक्य एकदा वाचले की संपते. चांगले चित्र दहाव्यांदा पाहतानाही काही शिल्लक ठेवते. कचराकुंडीचे चित्र नाशिक, नागपूर आणि निगडी येथे सारखेच दिसते. तळवड्याच्या भिंतीवर इंद्रायणी, वारीची वाट, ज्वारीच्या रानातून उगवलेले कारखाने आणि पाळी बदलण्याच्या वेळी सुटलेली सायकलींची, दुचाकींची झुंबड दिसली, तर ते चित्र फक्त येथलेच असेल.

चित्र घडते कसे, मरते कसे?

मोठे चित्र हे मेहनतीचे काम असते. आधी भिंत खरवडून, धुऊन कोरडी करावी लागते. गिलाव्याला लोणा लागला असेल, तर त्यावर कोणताही रंग टिकत नाही. त्यानंतर प्रायमरचा हात आणि मग मूळ रेखाटन. लहान कागदावरील चित्र प्रचंड भिंतीवर नेण्यासाठी चित्रकार कागदावर आणि भिंतीवर सारख्याच संख्येच्या चौकटी आखतो आणि एकेक चौकट मोठी करीत जातो. काही जण रात्री प्रोजेक्टर लावून बाह्यरेषा गिरवतात. परांचीवर उभा असलेला चित्रकार चित्राच्या इतका जवळ असतो, की त्याला स्वतःला ते दिसतच नाही. रंगवायचा असतो डोळा आणि समोर असते हातभर काळे वर्तुळ. म्हणून तो वारंवार खाली उतरतो, रस्ता ओलांडतो, डोळे किलकिले करून पाहतो आणि पुन्हा वर चढतो.

बाहेरच्या भिंतींसाठी सहसा ॲक्रिलिक इमल्शन वापरतात. ऊन हा त्याचा पहिला शत्रू. झगझगीत लाल आणि पिवळ्या छटा बहुधा आधी विटतात. गेरूसारखे मातीचे रंग तुलनेने चिवट असतात. दुसरा शत्रू पाऊस. आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा मारा पश्चिमेच्या अंगाने होतो, त्यामुळे पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीला दुपारचे ऊन आणि पावसाचा झोत असा दुहेरी फटका बसतो. उत्तरेकडील भिंतीचे रंग अधिक टिकतात, पण ओल राहिल्याने शेवाळ धरते. तिसरा शत्रू आपण स्वतः. चित्रावर शिकवणीवर्गाचे पत्रक चिकटवणारे, त्याच्याआड वाहन लावणारे आणि पानाची पिचकारी मारणारे. चौथा शत्रू विकास. रस्ता रुंद झाला की भिंत जाते आणि तिच्यासोबत चित्रही. अशा चित्राचे आयुष्य मोजक्याच पावसाळ्यांचे, हे गृहीत धरूनच त्याकडे पाहिले पाहिजे.

कायदा काय सांगतो?

'माझ्या गल्लीतील भिंत मीच रंगवतो' असा उत्साह स्वागतार्ह असला, तरी परवानगीशिवाय तो अंगाशी येऊ शकतो. सार्वजनिक ठिकाणांचे विद्रूपीकरण रोखण्यासाठी राज्यात १९९५ चा कायदा आहे. त्यामुळे जागामालकाची लेखी संमती आणि महापालिकेची परवानगी, या दोन गोष्टी हाताशी असल्याखेरीज कुंचला उचलू नये. पूल, रेल्वे, महामार्ग आणि औद्योगिक वसाहत यांची मालकी निरनिराळ्या यंत्रणांकडे असते, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. चित्र रंगवून झाल्यावर ते कोणाचे? भिंत मालकाची, हे उघड आहे. परंतु चित्रावरचा चित्रकाराचा संबंध पैसे चुकते झाल्यावरही संपत नाही. कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाने कलावंताला नैतिक हक्क दिले आहेत. निर्माता म्हणून आपले नाव सांगण्याचा हक्क आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशा मोडतोडीविरुद्ध दाद मागण्याचा हक्क. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचा खटला या संदर्भात पायाभूत मानला जातो. दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी त्यांनी घडवलेले ब्राँझचे भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकण्यात आले. सहगल न्यायालयात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, शिल्पाचे अवशेष परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश केंद्र सरकारला दिला. न्यूयॉर्कमध्ये 'फाइव्ह पॉइंट्झ' या इमारतीवरील चित्रे मालकाने २०१३ मध्ये एका रात्रीत पांढऱ्या रंगाने पुसली. २०१८ मध्ये तेथील न्यायालयाने २१ चित्रकारांना ६७ लाख ५० हजार डॉलर देण्याचा आदेश दिला.

छायाचित्रांबाबतही थोडी जाण हवी. सार्वजनिक ठिकाणी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचे छायाचित्र काढणे वा प्रसिद्ध करणे आपल्या कायद्यानुसार हक्कभंग ठरत नाही. भित्तिचित्र हे मात्र रंगचित्र असल्याने शिल्पासाठीची ही सवलत त्याला जशीच्या तशी लागू होत नाही. स्वतःच्या संग्रहासाठी छायाचित्र घ्यायला हरकत नाही. तेच चित्र जाहिरातीत किंवा विक्रीच्या वस्तूवर छापायचे असेल, तर चित्रकाराची परवानगी घेणे आवश्यक समजावे.

भिंत पाहताना...

* वाहनातून उतरा. मोठे चित्र आधी रस्त्याच्या पलीकडून आणि मग हाताच्या अंतरावरून पाहा. दुरून आकृती कळते, जवळून हात कळतो.
* वेळ निवडा. पूर्वेकडील भिंत सकाळी, पश्चिमेकडील उतरत्या उन्हात. भर दुपारी रंग मरगळतात.
* चित्रकाराने भिंतीचे काय केले ते शोधा. पाइप, खिडकी, मीटरची पेटी, तडा यांना त्याने लपवले की चित्रात सामावून घेतले?
* कोपऱ्यातील नाव वाचा. नाव नसेल, तर आसपासच्या टपरीवर चौकशी करा. चित्र कोणी, कधी रंगवले हे चहावाल्याला बहुधा ठाऊक असते.
* हे चित्र इथेच का, असे विचारा. उत्तर मिळाले नाही, तर चित्र कुठेही खपणारे आहे असे समजा.
* वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी, त्याच जागेवरून त्याच भिंतीचे छायाचित्र घ्या. तारीख आणि ठिकाण लिहून ठेवा.

ओळखीची भिंत

यातील शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्या शहरात चित्रे पुसली जातात याहून मोठी खंत ही, की ती पुसली गेल्याचे कोणाला कळतही नाही. नव्या रंगाचा हात फिरतो, जाहिरात चढते आणि महिनाभरात तेथे काय होते हे कोणी सांगू शकत नाही. कलादालनातून चित्र नाहीसे झाले, तर चौकशी होते. भिंतीवरून नाहीसे झाले, तर झाले! ज्या चित्राची कोणाला ओळखच नव्हती, त्याच्यासाठी कोण भांडणार? याउलट ज्या भिंतीकडे शाळेतली मुले रोज बोट दाखवतात, जिच्यासमोर सोसायटीतील आजोबा सकाळी दोन मिनिटे थांबतात, तिच्यावर हात फिरवण्यापूर्वी संबंधितांना दहा वेळा विचार करावा लागतो.

पाहण्यासाठी चालावे लागते आणि चालण्यासाठी पदपथ लागतो, ही अडचण खरी आहे. केंद्राच्या 'स्ट्रीट्स फॉर पीपल' स्पर्धेत निवड झालेल्या ११ शहरांमध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही शहरांचा समावेश होता. शहराच्या काही भागांत रुंद पदपथ झालेही. तळवडे, चिखलीच्या रस्त्यांवर अवजड वाहनांच्या गर्दीत थांबून चित्र पाहणे आजही धाडसाचेच आहे. पायी चालणाऱ्याला सन्मानाने उभे राहता येईल एवढी जागा ही कलेचीही गरज आहे, हे नियोजनकारांनी लक्षात घ्यायला हवे. तोवर रविवारची सकाळ आपल्या हाती आहे. मुलांना सोबत घ्यावे, निगडीच्या भक्ती-शक्तीपासून सुरुवात करावी, चिंचवडच्या चापेकर चौकातील स्मारकशिल्पापाशी थांबावे, वाटेत पुलांचे खांब आणि जुन्या पाट्या पाहाव्यात. पुढच्या रविवारी देहूला जाऊन गाथा मंदिराच्या भिंती वाचाव्यात आणि तेथून देहू-आळंदी रस्त्याने आपल्या तळवड्याच्या भिंती पाहत आळंदी गाठावी.

तेथे ती भिंत आहेच. साधी, अनलंकृत, कोणतेही चित्र नसलेली. तरीही शतकानुशतके माणसे तिच्यापाशी थांबतात, हात जोडतात आणि मुलांना तिची गोष्ट सांगतात. भिंत प्रत्यक्ष चालली की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. मात्र गोष्ट सांगणारी माणसे असली, की भिंत पिढ्या ओलांडून चालत येते, एवढे तर आपण डोळ्यांनी पाहू शकतो. आपल्या गल्लीतील रंगवलेल्या भिंतीची गोष्ट आपल्या मुलांना कोण सांगणार, हे मात्र आपणच ठरवायचे आहे.